कुटुंबाचा द्राक्षमळा: वारसा, जमीन आणि वाइन यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच घरानं पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या द्राक्षमळ्यांबद्दल लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं वेगवेगळ्या देशांतली आहेत, कारण वेल कुठेही लावली तरी घराण्यापुढचे पेच बरेचसे तेच असतात.

कुटुंबाचा द्राक्षमळा नेमकं कशाला म्हणायचं?

जमीन ज्या घराची, तेच घर वेली राखतं, तोडणी कधी करायची ते ठरवतं आणि बरं-वाईट साल स्वतः सोसतं, अशा मळ्याला. वाइन घरीच बनवायला हवी अशी अट नाही. युरोपात असंख्य कुटुंबं फक्त द्राक्षं पिकवतात आणि सहकारी वाइनरीला घालतात. काही घरं मात्र द्राक्षं पिकवतात, वाइन करतात आणि बाटल्याही स्वतःच भरतात. पुढची बहुतेक उत्तरं या दुसऱ्या प्रकारच्या घरांबद्दल आहेत, तरी सहकारीला माल घालणाऱ्या कुटुंबाचं शेतीतलं कसब कमी असतं असं कोणी समजू नये.

लेबलवर आडनाव आहे म्हणजे ते घराणंच वाइन बनवतं का?

तसं धरून चालू नका. नाव विकता येतं आणि विकल्यावरही ते लेबलवर राहतं. फ्रान्सच्या शँपेन भागातलं व्हव क्लिको हे नाव एका विधवेचं, पण ती कंपनी आज एलव्हीएमएच या मोठ्या उद्योगसमूहाकडे आहे. त्याच भागातलं बोलँजे आजही घराण्याच्याच हातात आहे. वाइन दोन्हीकडे चांगली होऊ शकते. मालकी कळायला हवी असेल, तर मात्र आडनावाच्या पलीकडे पाहावं लागतं.

बाटली कुठे भरली, ही ओळ जास्त कामाची. फ्रेंच बाटलीवर ‘मी-झाँ-बुतेय ओ दोमेन’ किंवा ‘ओ शातो’ असं असेल, तर ती मळेवाल्याकडेच भरलेली असते. जर्मन लेबलवर त्यासाठी ‘गुट्सआपफ्युलुंग’ लिहितात. अमेरिकेत ‘एस्टेट बॉटल्ड’ लिहायचं तर सगळी द्राक्षं वाइनरीच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या जमिनीतली असावी लागतात आणि मळा व वाइनरी एकाच मान्यताप्राप्त द्राक्षविभागात असाव्या लागतात. ‘परंपरा’, ‘वारसा’, ‘खास निवड’ यांसारख्या शब्दांना बहुतेक ठिकाणी कायद्याचा आधार नसतो. ते वाचून पुढे जावं.

सगळ्यात जुनी घराणी कोणती?

फ्लॉरेन्सच्या अंतिनोरी घराण्यातले जोव्हानी दी पिएरो १३८५ मध्ये तिथल्या वाइनवाल्यांच्या संघात दाखल झाले. आज घराण्याची २६वी पिढी काम पाहते. कियांती भागातला ब्रोलिओचा किल्ला ११४१ पासून रिकासोली घराण्याशी जोडलेला आहे. याच घराण्यातले बेत्तिनो रिकासोली दोनदा इटलीचे पंतप्रधान झाले. कियांती वाइनमध्ये कोणती द्राक्षं किती घालावीत याचा त्यांनी बांधलेला आडाखा पुढे बरीच वर्षं चालला. फ्रान्सच्या अल्सास भागात ट्रिम्बाख १६२६ पासून आणि ह्यूगेल १६३९ पासून आहेत.

वाइन मात्र या सगळ्यांहून कितीतरी जुनी. जॉर्जियात सापडलेल्या मातीच्या भांड्यांमध्ये सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या द्राक्षवाइनचे अंश मिळाले आहेत. तिथली घरं आजही जमिनीत पुरलेल्या मोठ्या रांजणांत, क्वेव्हरीत, वाइन करतात. युनेस्कोनं २०१३ मध्ये या पद्धतीची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली.

घराणं जितकं जुनं, तितकी वाइन चांगली असते का?

तसा नियम नाही. जुन्या घरांतही कंटाळलेल्या पिढ्या येऊन गेल्या आहेत, आणि पहिल्याच पिढीनं अप्रतिम वाइन केल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

तरीही मला कुटुंबाच्या मळ्याचं मोल मोठं वाटतं, कारण वेलीचं आयुष्य माणसाच्या कमावत्या वर्षांहून लांब असतं. आज लावलेल्या वेलीला पहिलं धरण्याजोगं पीक तिसऱ्या वर्षी येतं, ती भरात येते पाच-सहा वर्षांनी, आणि तिच्या फळाला खरी खोली येते ती बहुधा लावणाऱ्याचे हात थकल्यावर. दर तीन महिन्यांनी भागधारकांना हिशेब द्यायचा असेल, तर असं काम हाती घेणं अवघड जातं. आपली मुलं इथेच असणार असं धरून चालणारं घर ते घेऊ शकतं.

फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या रोमाने-काँती मळ्याचं उदाहरण घ्या. मळा जेमतेम १.८ हेक्टरचा, दोन कुटुंबांच्या मालकीचा, आणि त्याची वाइन जगातल्या सर्वांत नावाजलेल्या वाइनपैकी एक. तिथे शेजारपाजारच्या मळ्यांत कलमी वेली आल्यानंतरही जुन्या, स्वतःच्या मुळांवरच्या वेली पुष्कळ वर्षं जिवापाड जपल्या होत्या. युद्धकाळात त्यांना फायलॉक्सेरा या किडीपासून (तिच्याबद्दल पुढे) वाचवणं अशक्य झालं. १९४५ च्या तोडणीनंतर त्या उपटल्या आणि १९४७ मध्ये नव्यानं लागवड केली. १९४६ ते १९५१ या काळात त्या मळ्याच्या नावाची एकही बाटली निघाली नाही. पुढची आली ती १९५२ ची. सहा सालं बाजारात नाव नाही, हे सोसायची तयारी मालकांत असावी लागते.

जुन्या वेलींचं एवढं कौतुक का?

वेल म्हातारी होते तसे घड कमी आणि लहान येतात, मुळं खोल गेलेली असतात, त्यामुळे एखाद्या कोरड्या आठवड्यानं किंवा एका पावसानं ती बिथरत नाही. मण्यांतला रस जास्त सघन असतो. वेल कितीही जुनी असली, तरी चुकीच्या जागी लावली असेल तर तिच्याकडून काही मिळत नाही, हेही खरंच.

‘जुनी वेल’ या शब्दाला बहुतेक देशांत कायदेशीर व्याख्या नाही. ऑस्ट्रेलियातल्या बारोसा भागानं २००९ मध्ये स्वतःची सनद केली: ३५ वर्षांपुढची वेल जुनी, आणि तिच्यापुढे ७०, १०० आणि १२५ वर्षांच्या पायऱ्या. जवळच ईडन खोऱ्यातल्या हेन्श्के घराण्याच्या ‘हिल ऑफ ग्रेस’ मळ्यात १८६० च्या सुमारास लावलेल्या वेली आजही फळ देतात. त्या जातील तेव्हा त्यांच्या जागी काय लावायचं, याची तयारी घरानं कधीचीच सुरू केली. मळ्यात फिरून उत्तम वेली हेरायच्या, काही सालं त्यांच्यावर नजर ठेवायची, मग त्यांच्याच काड्यांपासून रोपं करायची. रोपवाटिकेतून एकाच छापाची रोपं आणणं सोपं पडतं. पण काड्या आपल्याच वेलींच्या घेतल्या, तर त्या जमिनीत दीड शतक मुरलेलं वैविध्य टिकतं.

सर्वांत वयस्कर म्हणून ओळखली जाणारी वेल स्लोव्हेनियातल्या मारिबोरमध्ये आहे. वय ४०० वर्षांच्या वर, आणि अजून घड धरते.

बहुतेक वेली कलमी का असतात?

१८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये वेली अचानक सुकू लागल्या. कारण होतं फायलॉक्सेरा, मुळांतला रस शोषणारी एक सूक्ष्म कीड. ती उत्तर अमेरिकेतून रोपांबरोबर आली होती. १८६८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ प्लाँशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळं खणून ती ओळखली. पुढच्या काही दशकांत युरोपातले बहुतेक मळे तिनं संपवले. अमेरिकन वेलींना तिची सवय होती, म्हणून त्यांच्या खुंटावर युरोपीय जातींचं कलम बांधायचा तोडगा निघाला. आजही जगभर तेच चालतं. चिली आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या किडीपासून वाचले, त्यामुळे तिथे स्वमुळावरच्या जुन्या वेली पाहायला मिळतात.

त्या काळात कित्येक कुटुंबांनी जमीन सोडून देशांतर केलं. आजची जी घराणी ‘आम्ही इथे तीनशे वर्षं आहोत’ म्हणतात, त्यांच्यातल्या कोणीतरी तेव्हा आजोबांनी लावलेला सगळा मळा उपटून पुन्हा लावला होता.

जमिनीची चव वाइनमध्ये खरंच उतरते का?

उतरते, पण लोक समजतात तशी नाही. खडकातलं खनिज मुळांतून शोषलं जाऊन जिभेवर येतं, ही कल्पना आकर्षक असली तरी खरी नाही. जमीन वेलीला पाणी किती देते, कधी तोडते, आणि ऊब किती धरते, यातून चव घडते.

जर्मनीतल्या मोझेल नदीच्या काठावरच्या चढांवर उभं राहिलं की हे सहज समजतं. पायाखाली पाटीच्या दगडाच्या काळ्या कपच्या. दिवसा त्या तापतात आणि रात्री ऊब सोडतात, म्हणून इतक्या उत्तरेलाही रीस्लिंग जातीचं द्राक्ष पिकतं. उतार इतके उभे की काही ठिकाणी ट्रॅक्टर जातच नाही. सगळं हातानं, पाठीवर वाहून. बोर्दोच्या मेदोक भागात वाळूमिश्रित गोटे आहेत, पाणी झरझर खाली जातं, मुळांना त्यामागे जावं लागतं. शँपेनचा खडू आणि स्पेनमधल्या हेरेसची पांढरी आल्बारिसा माती याच्या उलट: पाणी धरून ठेवतात आणि उन्हाळ्यात थोडं थोडं देतात. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातला शिस्ट हा पापुद्र्यांचा खडक उभा फाटतो, मुळं त्या भेगांतून खोलवर उतरतात.

मग उंची. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. अर्जेंटिनातल्या कातेना घराण्यातले निकोला इटलीहून आले आणि त्यांनी १९०२ मध्ये मेंदोसात माल्बेक जातीचं द्राक्ष लावलं. त्यांच्या नातवानं १९९२ मध्ये जवळजवळ १,५०० मीटर उंचीवर मळा लावला, तेव्हा इतक्या थंडीत द्राक्ष पिकणार नाही असं अनेकांचं मत होतं. आज त्या मळ्याची वाइन देशातल्या उत्तम वाइनमध्ये गणली जाते.

कुटुंबाला इथे एक फायदा असतो. कुठल्या कोपऱ्यात दव उशिरा सुकतं, कुठल्या ओळीत भुरी हा बुरशीरोग आधी दिसतो, कुठे पाणी साचतं, हे एका माणसाला कळायला वीस वर्षं जातात. घरात ते मुलाला किंवा मुलीला वयाच्या पंधराव्या वर्षीच माहीत असतं.

वर्षभर मळ्यात काय काम चालतं?

थंड प्रदेशात हिवाळ्यात वेल झोपते, तेव्हा छाटणी होते. माझ्या मते सगळ्या वर्षातलं हे सर्वांत मोलाचं काम. छाटणारा प्रत्येक वेलीपुढे थांबतो, गेल्या वर्षीच्या काड्यांची जाडी पाहतो, पेन्सिलीएवढी काडी निवडतो, तिच्यावरचे डोळे (फुटवा येणारे कोंब) मोजून ठेवतो आणि बाकीचं कापतो. डोळे जास्त ठेवले तर घड जास्त आणि रस पातळ. फार कमी ठेवले तर वेल नुसती पाला करते. शिवाय काप असा घ्यावा लागतो की जखम मोठी होणार नाही, नाहीतर बुरशी खोडात शिरते आणि काही वर्षांनी ओलांडाच, म्हणजे तारेवर पसरलेली मुख्य फांदीच, वाळते. म्हणून जुन्या घरांत कात्री नवख्याच्या हाती लगेच देत नाहीत.

वसंतात डोळे फुटतात आणि कडाक्याच्या थंडीची धास्ती सुरू होते. मग फुलोरा, मणी धरणं, फुटव्यांची विरळणी, काड्या तारांना बांधणं. मण्यांत पाणी उतरलं की काळी द्राक्षं रंग धरतात, मणी मऊ पडतात आणि गोडी वाढू लागते. मध्ये फवारण्या असतातच, भुरीसाठी गंधक आणि केवडा या दुसऱ्या बुरशीरोगासाठी बोर्डो मिश्रण. मोरचूद आणि चुन्याचं हे मिश्रण मेदोकमध्ये आधी रस्त्याकडेच्या वेलींवर शिंपडत, चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून. त्या वेलींवर केवडा येत नाही हे मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं.

उष्ण प्रदेशात वेल झोपतच नाही, तिथे कसं करतात?

तिथे छाटणी वर्षातून दोनदा होते. खरड छाटणीनं काड्या तयार करायच्या आणि गोडी छाटणीनं फळ घ्यायचं. तोडणी कोरड्या, थंड महिन्यांत येईल असं गणित बसवतात.

तोडणीचा दिवस कसा ठरतो?

रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या उपकरणावर रसाचा थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे रसातलं साखरेचं प्रमाण, पाहतात. वाइनसाठी साधारण २२ ते २५ ब्रिक्स लागतं, फेसाळ वाइनसाठी त्याहून कमी. आम्लताही मोजतात. तरी शेवटचा शब्द जिभेचा असतो. मणी तोंडात घालायचा, रस गिळायचा, साल चावायची, मग बी दातांखाली फोडायची. बी हिरवट आणि कडू असेल तर आणखी थांबायचं. तपकिरी, कुरकुरीत झाली की वेळ आली. त्यातच पावसाचा अंदाज आलेला असतो, घरात दोन मतं पडलेली असतात, आणि तोडणीला येणारी माणसं दाराशी उभी असतात. तोडणी पहाटे सुरू करतात, कारण थंड द्राक्षांचा सुगंध टिकतो.

एका बाटलीला किती द्राक्षं लागतात?

७५० मिलीलिटरच्या बाटलीला साधारण १ ते सव्वा किलो. दर्जावर नजर असलेल्या मळ्यात पुष्कळदा एका वेलीमागे एक-दोनच बाटल्या निघतात.

वाइन कशी बनते, थोडक्यात सांगाल का?

द्राक्षातली साखर यीस्ट खातं आणि तिचा अल्कोहोल होतो. एका लिटरमधल्या सुमारे १७ ग्रॅम साखरेमागे १ टक्का अल्कोहोल मिळतो. पांढरी वाइन करताना द्राक्षं आधी दाबून रस वेगळा करतात आणि तो थंड ठेवून आंबवतात. लाल वाइनसाठी रस सालींसकट आंबवतात, कारण रंग आणि तुरटपणा सालीतच असतो. आंबवणाऱ्या टाकीत साली वर येऊन जाड थर धरतात, तो दिवसातून काही वेळा खाली दाबावा लागतो. रोझेला, म्हणजे गुलाबी वाइनला, साली थोडेच तास रसात राहू देतात.

लाकडी पिंपं कशासाठी?

लाकडातून हवा अगदी सावकाश आत येते आणि वाइनचा तुरटपणा मवाळ होतो. नवं ओक लाकूड स्वतःची चवही देतं, व्हॅनिलासारखी, थोडी भाजल्यासारखी. नेहमीचं बोर्दोचं पिंप २२५ लिटरचं, म्हणजे ३०० बाटल्यांचं. पिंपातली वाइन हळूहळू उडते, म्हणून ते वरचेवर भरून घ्यावं लागतं.

स्पेनच्या रिओहा भागातल्या आरो गावी १८७७ पासून असलेलं लोपेस दे एरेदिया घराणं आजही पिंपं स्वतःच्या कारखान्यात बांधतं. त्यांच्या काही पांढऱ्या वाइन तोडणीनंतर दहा वर्षांनीही बाजारात येत नाहीत. एवढी वर्षं माल तळघरात पडून राहणं म्हणजे पैसा अडकून राहणं. मला अशा घरांचा मनापासून आदर वाटतो.

दर सालाची वाइन वेगळी का लागते?

हवा वेगळी, म्हणून. थंड सालात आम्लता जास्त आणि अल्कोहोल कमी, गरम सालात उलट. मोठे कारखाने वेगवेगळ्या भागांतला माल मिसळून चव सारखी ठेवतात. एकाच मळ्यावर जगणाऱ्या कुटुंबाला ती सोय नसते, आणि त्यांच्या बाटलीत ते साल जसं होतं तसं दिसतं. मला ते आवडतं. ज्यांना दर वेळी तीच चव हवी, त्यांनी मिश्रणाच्या वाइन घ्याव्यात, त्यात कमीपणा काही नाही.

लेबननच्या शातो म्युझारचं साल पाहताना आणखी एक गोष्ट दिसते. होशार घराण्याचे मळे बेका खोऱ्यात, वाइनरी डोंगरापलीकडे. १९७५ ते १९९० च्या यादवी युद्धात द्राक्षांचे ट्रक लढाईच्या रेषा ओलांडून आणावे लागत. १९७६ चं साल हुकलं. तरीही युद्धातली बहुतेक वर्षं त्यांनी वाइन केली.

जमिनीची वाटणी झाली की काय होतं?

कुटुंबाच्या मळ्याला कीड आणि गारपिटीपेक्षा मोठा धोका हाच असतो.

बर्गंडीतलं क्लो द वूजो पाहा. सिस्टर्शियन मठवासीयांनी बाराव्या शतकात सुरू केलेला, दगडी कुंपणातला सुमारे ५० हेक्टरचा एकसंध मळा. क्रांतीत तो मठाकडून गेला, तरी १८८९ पर्यंत एकाच मालकाकडे राहत आला. त्यानंतर तुकडे पडत गेले आणि आज त्याच कुंपणात सुमारे ८० मालक आहेत. कोणाच्या वाट्याला चार-सहा ओळी. फ्रान्समध्ये १८०४ च्या नेपोलियन संहितेनं सगळ्या मुलामुलींना समान वारसाहक्क दिला. न्याय म्हणून ते योग्यच होतं, पण बर्गंडीतल्या मळ्यांचे त्यामुळे पट्टे पट्टे झाले. एकाच नावाच्या वाइनचा दर्जा मालकागणिक बदलतो, तो यामुळे.

शहाणी घरं यावर वेळीच उपाय करतात. जमीन कुटुंबाच्या कंपनीच्या नावे करायची आणि वारसांना जमिनीऐवजी हिस्से द्यायचे. फ्रान्समध्ये शेतजमिनीसाठी अशा संस्थेची खास कायदेशीर सोय आहे. ज्याला बाहेर पडायचं आहे त्याचे हिस्से आधी घरातल्यांनीच घ्यायचे, असा करार असतो. काम करणाऱ्याला पगार वेगळा आणि मालकीचा वाटा वेगळा, हे लिहून ठेवलेलं असतं. हे सगळं आई-वडील हिंडते-फिरते असताना व्हायला हवं. अंत्यविधीनंतरच्या बैठकीत असे निर्णय नीट होत नाहीत.

भांडणाचं गाजलेलं उदाहरण कॅलिफोर्नियातलं. मोंदावी कुटुंबानं १९४३ मध्ये चार्ल्स क्रुग ही वाइनरी घेतली. रॉबर्ट आणि पीटर या भावांचं बिनसलं, रॉबर्ट बाहेर पडले आणि १९६६ मध्ये त्यांनी स्वतःची वाइनरी उभारली. ती जगप्रसिद्ध झाली, १९९३ मध्ये शेअर बाजारात गेली आणि २००४ मध्ये विकली गेली. पीटर यांच्या वंशजांकडे चार्ल्स क्रुग मात्र राहिली. गेलेलं परत मिळवल्याचंही उदाहरण आहे: रिकासोलींचा ब्रँड विसाव्या शतकात बाहेरच्या हाती गेला होता, तो १९९३ मध्ये फ्रान्चेस्को रिकासोली यांनी पुन्हा घराण्याकडे आणला.

घराण्याचा कारभार मुली आणि सुना पाहतात का?

पाहतात, आणि तेही जुन्या काळापासून. व्हव क्लिको म्हणजे बार्ब-निकोल क्लिको २७व्या वर्षी, १८०५ मध्ये, विधवा झाल्या आणि त्यांनी सासरचा धंदा हाती घेतला. शँपेनच्या बाटल्या उलट्या लावून हळूहळू फिरवत गाळ तोंडाशी आणायची पद्धत त्यांच्याच तळघरात रुळली. लिली बोलँजे यांनी नवऱ्याच्या निधनानंतर १९४१ पासून तीस वर्षं घर सांभाळलं. अंतिनोरींकडे सव्वीसाव्या पिढीत आल्बिएरा, आल्लेग्रा आणि आलेस्सिया या तीन बहिणी आहेत. फरक एवढाच की पूर्वी बाईच्या हाती कारभार बहुधा वैधव्यानं यायचा, आता वारसाहक्कानं आणि शिक्षणानं येतो.

हवामान बदलाचा परिणाम जाणवतो का?

अगदी स्पष्ट. बर्गंडीतल्या बोन शहराच्या तोडणीच्या तारखा १३५४ पासून २०१८ पर्यंत अभ्यासकांनी जुळवल्या आहेत. १९८८ नंतर तिथली तोडणी आधीच्या शतकांच्या सरासरीपेक्षा सुमारे १३ दिवस लवकर होते आहे. डोळे लवकर फुटतात, म्हणून वसंतातली थंडी जास्त नुकसान करते. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सभर मळ्यांत रात्री मेणाच्या शेगड्या पेटवून वेली वाचवायची धडपड झाली. घरं आता उंचावर सरकत आहेत, उत्तरेकडचे उतार निवडत आहेत, घडांवर सावली राहील असा पाला ठेवत आहेत. हे अभ्यास शक्य झाले ते कोणीतरी दर वर्षी तारीख लिहून ठेवली म्हणून. मळा असलेल्या प्रत्येक घराला माझं सांगणं आहे की वही ठेवा. फुलोरा कधी, पाणी कधी उतरलं, तोडणी कधी, किती माल. नातवंडांना तिचा उपयोग होईल.

सेंद्रिय मळा म्हणजे फवारणीच नाही का?

फवारणी असते. कृत्रिम औषधं चालत नाहीत, गंधक आणि तांबं चालतं. तांबं मातीत साठतं, म्हणून युरोपीय संघात हेक्टरी ७ वर्षांत २८ किलोची मर्यादा आहे. कोरड्या हवेत सेंद्रिय शेती सोपी, दमट हवेत फार कष्टाची. प्रमाणपत्र नसलेली कित्येक घरंही जमिनीची उत्तम काळजी घेतात. मळ्यात गांडुळं आणि ओळींमध्ये गवत-फुलं आहेत का, ते पाहा.

‘सल्फाइट आहे’ असं लिहिलेलं असतं, त्यात काळजीचं काही?

बहुतेकांसाठी नाही. यीस्ट स्वतःही थोडं सल्फाइट तयार करतं. लिटरला १० मिलीग्रॅमच्या वर असेल तर युरोपीय संघात लेबलवर लिहावं लागतं. दमा असलेल्या काहींना त्याचा त्रास होतो, त्यांनी जपावं.

छोट्या घराची वाइन जास्त महाग का पडते?

हातानं तोडणी, कमी उतारा, वर्षानुवर्षं तळघरात अडकलेला पैसा, आणि बाटली, बूच, लेबल सगळं थोड्या प्रमाणात घ्यायचं म्हणून चढ्या दरानं. एक साल गारपिटीत गेलं तर भरून काढायला दुसरा मळा नसतो. महाग म्हणजे चांगलीच असं मात्र मानू नका. नाव मोठं झालेल्या मळ्याशेजारीच, तशाच मातीत, कमी बोलबाला असलेलं एखादं घर सचोटीनं काम करत असतं. शोधायचं तर तिथे शोधा.

मळा पाहायला जायचं असेल तर?

आधी कळवून जा. घरातली माणसंच मळ्यात, तळघरात आणि दारात असतात, कोणी खास स्वागताला बसलेलं नसतं. तोडणीच्या दिवसांत तर विचारूनच. अत्तर लावू नका, त्याच्या वासापुढे इतरांना चाखताना वाइनचा वास येत नाही. चाखलेली वाइन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरणं शिष्टसंमत आहे. गाडी चालवायची असेल तर वापराच. वाइनऐवजी मळ्याबद्दल प्रश्न विचारा: यंदा कुठल्या ओळींनी त्रास दिला, कुठला तुकडा आजोबांनी लावला, कुठला पुन्हा लावणार आहात. माणसं मोकळेपणानं बोलू लागतात.

वाइन आरोग्याला चांगली असते, हे खरं का?

तसा दावा करू नये. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही. गरोदरपणात, औषधं चालू असताना आणि कायद्यानं ठरवलेल्या वयाखाली घेऊच नये. ज्या घरांना आपल्या कामाबद्दल आस्था आहे, त्यांनीही औषध म्हणून वाइन विकू नये असं माझं ठाम मत आहे.

घेतलेली बाटली किती वर्षं ठेवावी?

बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत प्यायच्याच असतात. आम्लता, तुरटपणा किंवा गोडी भरपूर असलेल्या थोड्याच वाइन दशकभर किंवा पुढे सुधारत जातात. ठेवायची तर अंधारात, १२ ते १४ अंशांत. बूच असेल तर बाटली आडवी, म्हणजे ते सुकत नाही. पांढरी ८ ते १२ अंशांवर आणि लाल १४ ते १८ अंशांवर चांगली लागते. उघडलेली बाटली पुन्हा बंद करून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन ते पाच दिवस टिकते, लालसुद्धा. फेसाळ मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा.